सभासदांच्या कामगिरीची नोंद आणि गौरव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीला कृष्णेच्या पाण्यावर कयाक आणि कनू चालवणाऱ्या आमच्या क्लबात खंडेनवमीला होड्यांची आणि वल्ह्यांची पूजा होते आणि त्याच दिवशी वर्षभराची नोंदवही मोठ्याने वाचली जाते. या वहीत कोणाचं नाव येतं, कसं येतं, त्याचा उपयोग काय, असे प्रश्न नवे सभासद आणि मुलांचे पालक घाटावर हमखास विचारतात. त्यांची उत्तरं एकत्र असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

क्लब कोणत्या कामगिरीची दखल घेतो?

स्पर्धेतलं यश, पाण्यावरचं कौशल्य आणि क्लबासाठी केलेलं काम या तिन्हींची. शालेय स्पर्धेत पदक मिळवणारी मुलगी वहीत असते. पाण्याला घाबरणारा माणूस पहिल्यांदा उलट्या होडीतून शांतपणे बाहेर आला, तर तोही असतो. रविवारी पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन लाइफ जॅकेटांचे बक्कल आणि पट्टे तपासणारा सभासदही असतो. पदकविजेत्याचं नाव पेपरात छापून येतं, बाकीच्या दोघांचं येत नाही. म्हणून वहीतली जास्त पानं त्यांच्यासाठी राखलेली आहेत आणि ती तशीच राहावीत असं आम्हाला मनापासून वाटतं.

मी स्पर्धेत उतरत नाही, उतरणारही नाही. मग माझ्या नावाची नोंद कशी होणार?

आमचे बहुतेक सभासद स्पर्धेत उतरत नाहीत. त्यांच्यासाठी कौशल्याच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. सरळ रेषेत वल्हवणं, होडी जागेवर वळवणं, तोल जाताना वल्ह्याचा आधार घेऊन सावरणं, होडी उलटल्यावर बाहेर येणं, दुसऱ्याची उलटलेली होडी रिकामी करून त्याला परत आत बसवणं, आणि त्यापुढे वाहत्या पाण्यातली कामं. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते तिथे दोन प्रवाहांच्या मधली रेषा पाण्यावर डोळ्यांना दिसते. ती रेषा होडीचा तोल न घालवता ओलांडता येणं ही आमच्याकडची वरची पायरी आहे.

अशा पायऱ्या जगभर आहेत. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संघटनेचे 'स्टार्ट', 'डिस्कव्हर', 'एक्सप्लोर' असे वैयक्तिक दाखले मिळतात. युरोपातल्या अनेक देशांनी मिळून 'युरो पॅडल पास' ही पाच टप्प्यांची पद्धत केली आहे. आम्ही त्यातलं जे आपल्या नदीला लागू पडतं तेवढं घेतलं. समुद्राच्या लाटांवर उतरण्याची पायरी सांगलीत ठेवून उपयोग नव्हता.

प्रमाणपत्रावर 'के-१', 'सी-२' असं लिहिलेलं असतं, ते काय?

के म्हणजे कयाक. यात बसून, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं वापरायचं. सी म्हणजे कनू. यात शर्यतीच्या वेळी एका गुडघ्यावर बसून, एकाच पात्याच्या वल्ह्याने एकाच बाजूला वल्हवायचं. पुढचा आकडा म्हणजे होडीत माणसं किती.

हे प्रमाणपत्रावर लिहिणं गरजेचं आहे. कारण 'कयाक चालवली' म्हणजे काहीही असू शकतं. पर्यटकांना देतात ती रुंद, वर बसायची प्लास्टिकची कयाक सहसा उलटत नाही. शर्यतीच्या के-१ ची लांबी जास्तीत जास्त ५.२० मीटर आणि वजन कमीत कमी १२ किलो असतं. ती इतकी अरुंद असते की नवखा माणूस बसतानाच पाण्यात जातो. म्हणून 'के-१ मध्ये पाच मिनिटं न उलटता वल्हवलं' ही आमच्या वहीत मानाची नोंद आहे. ज्याने प्रयत्न केला आहे, त्याला ती का, हे सांगावं लागत नाही.

प्रमाणपत्रावरचा मजकूर एवढा लांब का असतो? 'उल्लेखनीय कामगिरीबद्दल' एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. आमच्या मते सगळ्या गौरवात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

'उल्लेखनीय कामगिरी' हे शब्द कोणालाही लागू पडतात, त्यामुळे ते कोणाचेच होत नाहीत. दहा वर्षांनी कपाटातून तो कागद काढला तर आपण नक्की काय केलं होतं ते आठवत नाही. त्यापेक्षा हे वाचा. आमच्याकडच्या एका काकूंच्या प्रमाणपत्रावरचा हा मजकूर आहे, नाव तेवढं वगळलं आहे (स्प्रे डेक म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून बैठकीच्या तोंडावर ताणून बसवायचं झाकण) :

'यांनी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहण्याच्या तलावात, स्प्रे डेक लावलेल्या कयाकमध्ये बसून होडी उलटी केली, पाण्याखाली होडीच्या तळावर तीनदा थाप मारली, पुढची दोरी ओढून डेक सोडला आणि वल्हं हातातून न सोडता बाहेर आल्या. त्याआधी सलग चार रविवार त्यांनी नुसतं पाण्यात तोंड बुडवण्याचा सराव केला होता.'

शेवटचं वाक्य त्यांच्या प्रशिक्षकाने आग्रहाने घालायला लावलं. उलटी होडी सोडून बाहेर येणं बारा वर्षांच्या मुलांना एका दुपारी जमतं. पण पाण्यात तोंड घालायची भीती असलेल्या बाईने ते करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ते वेगळेपण लिहिल्याशिवाय कळणार नाही. काकूंनी तो कागद फ्रेम करून देवघराच्या शेजारी लावला आहे.

म्हणून नियम असा : काय केलं, कोणत्या होडीत, कोणत्या पाण्यात, कोणी पाहिलं, आणि त्या माणसासाठी ते अवघड का होतं, हे सगळं आलं पाहिजे. विशेषणं घालायची नाहीत.

रोल कधी धरला जातो?

रोल म्हणजे उलटलेली होडी आतून न उतरता परत सरळ करणं. पाण्याखाली उलटं लटकलेलं असताना पुढे वाकायचं, वल्हं पृष्ठभागाशी न्यायचं, ते बाजूला फिरवत कंबरेने होडीला झटका द्यायचा. डोकं सगळ्यात शेवटी वर येऊ द्यायचं. श्वासासाठी जीव आधी डोकं वर काढायला बघतो, आणि तिथेच रोल फसतो.

स्वतः ठरवून, दम भरून घेऊन, आवडत्या बाजूला केलेला रोल ही पहिली नोंद. दोन्ही बाजूंना जमणं ही दुसरी. तिसरी नोंद तेव्हा होते, जेव्हा प्रशिक्षक न सांगता होडी उलटवतो आणि तुम्ही वर येता. या तिन्ही नोंदी वेगवेगळ्या लिहितो. 'रोल येतो' एवढं लिहून त्या एकात गुंडाळत नाही.

उलटण्याचा सराव नदीत का घेत नाही?

कृष्णेत मगरी आहेत. भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्यात त्या दिसतात, थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या तर बऱ्याच जणांनी पाहिल्या आहेत. म्हणून पाण्यात पडायचा प्रत्येक सराव पोहण्याच्या तलावातच होतो, आणि नदीवर बचाव होडीशिवाय कोणी उतरत नाही.

याच कारणाने मगरीजवळ होडी नेऊन काढलेल्या फोटोची आमच्याकडे 'धाडस' म्हणून नोंद होत नाही. असं करणाऱ्याचं त्या वर्षीचं नामांकन रद्द होतं. यावर वाद घालू नये ही विनंती.

अर्ध्यातून मागे फिरलेल्या सहलीची नोंद होते म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. वारा वाढला, सोबतचा माणूस थकला, वरच्या धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली आणि सहलप्रमुखाने ठरलेल्या ठिकाणाआधीच होड्या काठाला लावल्या, तर त्या निर्णयाची नोंद प्रमुखाच्या नावाने होते. पोहोचलेल्यांचंच कौतुक करत राहिलो तर पुढचा प्रमुख मागे फिरायला कचरेल. आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट हे सांगलीत पोरासोरांना पाठ असतं. पाणी त्याच्या कितीतरी खाली असतानाही नदी कयाकसाठी अवघड होऊ शकते, हे ओळखणं ही अनुभवाची गोष्ट आहे.

वेळ कशी मोजता? नदीला प्रवाह असताना विक्रम कसा धरायचा?

नदीवर विक्रम धरतच नाही. तलावातल्या ५०० मीटरची वेळ आणि नदीतल्या ५०० मीटरची वेळ यांची तुलना होत नाही. एकाच टप्प्यावर प्रवाहासोबत आणि प्रवाहाविरुद्ध, अशा दोन्ही वेळा एका सकाळी घेतो आणि दोन्ही लिहितो. मग तुमची तुलना तुमच्याच मागच्या वेळेशी होते. पाण्याची पातळी आणि वारा हेही शेजारी लिहून ठेवतो.

ब्रिटनमधल्या कनू मॅरेथॉन शर्यतींची एक पद्धत आम्हाला फार आवडते. तिथे वेगानुसार नऊ विभाग आहेत. नवखा माणूस नवव्यात सुरू करतो आणि वेळ सुधारली की वरच्या विभागात जातो. त्यामुळे प्रत्येकाची शर्यत आपल्या तोडीच्या माणसाशी होते आणि बढती हाच गौरव असतो. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत, म्हणून तीनच गट केले आहेत. गट बदलला की खंडेनवमीला तो जाहीर होतो.

दोघांच्या किंवा चौघांच्या होडीत नाव कोणाचं?

सगळ्यांचं, बसण्याच्या क्रमाने. पुढचा लय धरतो आणि मागचा ती पाळतो. मागच्याचं काम दिसत नाही, म्हणून त्याचं नाव गळता कामा नये.

भारताची या खेळातली आशियाई स्पर्धेतली दोन कांस्यपदकं जोडीचीच आहेत, दोन्ही पुरुषांच्या सी-२ १००० मीटरमधली. पहिलं १९९४ साली हिरोशिमात सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांचं. दुसरं थेट २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हांगझोऊला अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांचं. मधे एकोणतीस वर्षं गेली. सुनील मणिपूरचा, लोकताक तळ्याकाठच्या मोइरांगचा. क्रिकेटवेड्या देशात ही चार नावं किती जणांना माहीत आहेत? म्हणून आमच्या शेडच्या भिंतीवर ती रंगवून घेतली आहेत, आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी वाचून दाखवतो.

गावोगावच्या होड्यांच्या शर्यतीत वल्हवणाऱ्यांचं काय?

त्यांची नोंद आनंदाने होते. कृष्णेवर होड्यांच्या शर्यतींची परंपरा कयाकच्या कितीतरी आधीची आहे. सांगलीवाडी, कसबे डिग्रज, समडोळी, कवठेपिरान या गावांतली मंडळी त्यात जीव ओतून वल्हवतात आणि काठावर अख्खं गाव लोटतं. आमचे काही सर्वांत दमदार सभासद त्याच होड्यांतून आले आहेत. फक्त सगळ्या चमूची नावं द्या, सुकाणू धरणाऱ्यासकट. 'अमुक गावाची होडी पहिली आली' एवढ्यावर नोंद होत नाही.

मुलाला दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतील का?

क्लबाच्या प्रमाणपत्रावर मिळणार नाहीत. क्रीडा सवलतीचे गुण मान्यताप्राप्त जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा स्पर्धांमधल्या सहभागावर किंवा यशावर मिळतात आणि प्रस्ताव शाळेमार्फत जातो. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठीही शासनमान्य स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी होते. मान्य खेळांची यादी आणि निकष बदलत असतात. तेव्हा त्या वर्षीची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन घ्या, कोणाच्या सांगोवांगीवर राहू नका.

आम्ही करू शकतो ते एवढंच : मुलाच्या प्रत्येक स्पर्धेची तारीख, ठिकाण, प्रकार आणि क्रमांक वहीत असतो. मूळ प्रमाणपत्राची झेरॉक्स क्लबात जरूर द्या. ऐन वेळी शोधाशोध करणारे पालक दरवर्षी भेटतात.

सगळ्या लहान मुलांना पदक का देत नाही? बाकीची हिरमुसतात.

सगळ्यांना सारखं पदक दिलं की मुलंच ते चार दिवसांत विसरतात. त्याऐवजी प्रत्येक मुलाबद्दल एक खरी ओळ वाचली जाते. 'हिने यंदा होडी स्वतः उचलून घाटाच्या पायऱ्या उतरल्या.' 'याने घाबरलेल्या धाकट्या भावाला धीर देऊन पुढे बसवलं.' ही ओळ शोधण्याची जबाबदारी प्रशिक्षकाची. एखाद्या मुलाबद्दल सांगण्यासारखं काहीच सापडत नसेल तर त्या मुलाकडे वर्षभर नीट पाहिलं गेलं नाही असं आम्ही समजतो, आणि पुढच्या वर्षी त्याला दुसरा प्रशिक्षक देतो.

महिलांची आणि दिव्यांगांची नोंद वेगळी असते का?

वही एकच. पायऱ्या त्याच, होडी आणि बैठक ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे.

एक मात्र लक्षात ठेवण्यासारखं. हा खेळ १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे, पण महिलांना तिथे कनू चालवायला मिळाली ती थेट टोकियोत, २०२१ साली. आपल्याकडे अजूनही मुलींना 'तू कयाक घे, कनू मुलांसाठी' असं सांगितलं जातं. आमच्या घाटावर हे वाक्य चालत नाही. प्राची यादव ग्वाल्हेरची, पॅरालिंपिकमध्ये पॅरा-कनूत उतरलेली पहिली भारतीय. टोकियोत तिने अंतिम फेरी गाठली आणि आठवी आली. पुढे हांगझोऊच्या पॅरा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं आणि तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला. तिचा सराव भोपाळच्या तळ्यावर होतो. आमच्या एका सभासदाने कमरेखालची ताकद गेल्यावर तिचं उदाहरण ऐकून पुन्हा होडीत बसायचं ठरवलं. त्याच्यासाठी उंच पाठीची बैठक बनवणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्या सभासदाचीही नोंद त्याच पानावर, त्याच्या नावाखाली आहे.

महापुरात लोकांना बाहेर काढलेल्यांचा गौरव क्लब करतो का?

करतो, पण फार जपून. कयाक ही पुरात माणसं काढायची होडी नाही. २०१९ च्या महापुरात ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला लोकांना बाहेर नेणारी बोट उलटली आणि माणसं गेली, ती जखम या जिल्ह्यात अजून ओली आहे. नाव वहीत यावं म्हणून कोणी पुराच्या पाण्यात उतरावं, असं स्वप्नातही वाटू नये.

त्यामुळे प्रशासनाच्या किंवा बचावपथकाच्या सांगण्यावरून, प्रशिक्षण घेऊन काम केलेल्यांचीच पाण्यावरची नोंद होते. काठावरच्या कामाला आम्ही तेवढंच मोठं मानतो. लाइफ जॅकेटं पुरवणं, कोणत्या गल्लीत किती माणसं अडकली आहेत याची यादी करणं, बोटीत मोजकीच माणसं बसतील यासाठी लोकांची समजूत घालणं, ही कामं वहीत आहेत. ज्यांना वाचवलं त्यांची नावं किंवा फोटो आम्ही कुठेही लावत नाही.

बुडणाऱ्याला जिवावर उदार होऊन वाचवलं असेल तर केंद्र सरकारच्या जीवन रक्षा पदकांसाठी नाव सुचवता येतं. तो प्रस्ताव राज्य सरकारमार्फत जातो. प्रत्यक्षदर्शींचे जबाब आणि पोलिसांकडची नोंद लवकर गोळा करावी लागते, त्यात क्लब मदत करेल.

क्लबातल्या कामासाठी काय धरता?

होडीच्या चिरेवर फायबरग्लासचा पॅच बसवणं, बचाव होडीवर पाळी देणं, वेळ घेणं, पूर ओसरल्यावर शेडमधला गाळ उपसणं. गाळाच्या आठवड्यात आलेल्या प्रत्येकाचं नाव असतं.

शाल-श्रीफळ का देत नाही?

श्रीफळ देतो, शाल बंद केली. शालींच्या खर्चात दरवर्षी दोन चांगली मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटं येतात. वर्षातल्या सर्वांत मोठ्या नोंदीच्या मानकऱ्याचं नाव एका जॅकेटाच्या आतल्या बाजूला लिहिलं जातं.

दुसऱ्या गावी किंवा परदेशात केलेली कामगिरी चालते का?

चालते. नोकरीसाठी बाहेर गेलेल्यांपैकी काहींनी केरळात कोझिकोडजवळ भरणाऱ्या मलबार रिव्हर फेस्टिव्हलमध्ये, काहींनी ऋषिकेशला गंगेवर होडी घातली आहे. पाण्याची श्रेणी लिहून पाठवा. वाहत्या पाण्याची काठिण्यश्रेणी १ ते ६ असते आणि आपली एरवीची कृष्णा जेमतेम पहिलीत येते. त्यामुळे तिसऱ्या श्रेणीच्या पाण्यात उतरलेल्याचं अप्रूप इथे खरंच मोठं आहे. सोबत असलेल्या एका माणसाची सही किंवा मेसेज हवा.

स्वतःचं नाव स्वतः सुचवलं तर वाईट दिसतं का?

अजिबात नाही. आपल्याकडे, विशेषतः बायका, 'मी काय एवढं मोठं केलं' म्हणून गप्प बसतात आणि नोंद राहून जाते. संकोच वाटत असेल तर सोबत्याला सांगा. त्याने तुमचं लिहावं, तुम्ही त्याचं.

निवड कोण करतं? पटलं नाही तर?

तिघांची समिती असते : एक प्रशिक्षक, एक स्पर्धेत न उतरणारा सभासद आणि एक असा जो त्या वर्षी क्लबात नवा आहे. नव्या माणसाला जुने हेवेदावे माहीत नसतात. समितीतल्यांची स्वतःची नावं त्या वर्षी धरत नाहीत. हरकत असेल तर वाचनाच्या आठ दिवस आधी शेडमध्ये कच्ची यादी लावलेली असते, तिथेच शेजारी पेन्सिलने लिहा, नाव घालून. निनावी हरकत वाचली जात नाही.

नाव कधीपर्यंत आणि कसं द्यायचं?

अनंत चतुर्दशीपर्यंत. घाटावरच्या शेडमध्ये कच्ची वही टांगलेली आहे, त्यात लिहा किंवा क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी संदेश टाका, कोणीतरी उतरवून घेईल. लिहिता येत नाही म्हणून कोणाची नोंद अडणार नाही. पावसाळ्यात नदी बंद असते, तेव्हा हे काम करायला सगळ्यांना वेळ असतो.